‘अजून दोन टेस्ट लावल्यात, थांबा’

प्रश्न : माझं वय ४४. नागपुरात मानेवाड्याकडे राहते, शाळेत शिक्षिका आहे. महिन्याभरापूर्वी डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. मॅमोग्राफी, सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर ‘बायरॅड्स ४’ असं आलं. मागच्या मंगळवारी सुईने बायोप्सी केली. चार-पाच दिवसांत रिपोर्ट देऊ म्हणाले होते. सोमवारी फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘अजून दोन टेस्ट लावल्यात मॅडम, थांबा.’ कोणत्या टेस्ट, कशासाठी, किती दिवस, काही सांगितलं नाही. आज नववा दिवस. शाळेला सुट्या लागल्यात, त्यामुळे दिवसभर घरातच असते. लॅबचं अ‍ॅप दिवसातून तीस-चाळीस वेळा उघडते. रात्री तीनला जाग येते आणि मी गूगल करत बसते. झोपच नाही लागून राहिली. मिस्टर म्हणतात, डोक्यात आणू नको, पॉझिटिव्ह विचार कर. जाऊबाई म्हणतात, तुम्हाला काही होत नाही, बघा. मला दोघांचाही राग येतो. काल दूध उतू गेलं म्हणून लेकीवर एवढी ओरडले की ती खोलीत जाऊन रडली. तिचा बारावीचा निकाल लागायचा आहे. तिला आणि सासूबाईंना काहीच सांगितलेलं नाही. मला खरं विचारायचंय ते असं : माझ्या मनात सारखं वाईटच येतं. त्यामुळे रिपोर्ट वाईट येईल का? आणि लेकीला सांगू की नको?

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी लिहायला बसले आहे. हे तुमच्यापर्यंत पोचेल तोवर रिपोर्ट आलाही असेल. तरी वाचा. धंतोली-रामदासपेठेतल्या कोणत्या तरी दवाखान्याच्या बाकावर आज तुमच्यासारखीच आणखी कुणी बसलेली असणार, तिच्यासाठीही हे आहे.

दोन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण रात्री तीनला तुम्हाला तोच उठवतो असं मला वाटतं. नाही. तुमच्या मनात वाईट आलं म्हणून रिपोर्ट वाईट येत नाही. हे मी नुसता धीर द्यायला म्हणत नाही. ३१ वर्षं मी याच शहरात हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे बायोप्सीचे तुकडे तपासणाऱ्या, लॅबमध्ये टेक्निशियन होते. तुमच्यासारख्या कितीतरी जणींचे तुकडे या हातांखालून गेले. त्या तुकड्याचं पुढे काय होतं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते.

त्या मंगळवारी सुईतून जे निघाले ते शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखे पांढुरके धागे असतात, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे. ते लगेच फॉर्मालिनच्या डबीत टाकतात. फॉर्मालिनचं काम एकच, पेशी ज्या क्षणी जशा होत्या तशाच त्यांना थांबवायचं. त्यानंतर त्यांच्यात काही बदलत नाही. तुम्ही उपास केला, रडलात, नको ते मनात आणलंत, लेकीवर ओरडलात, त्या डबीपर्यंत यातलं काही पोचत नाही. उत्तर त्या दिवशीच डबीत बंद झालं. खरं म्हणजे तुमच्या हाताला गाठ लागली त्याच्याही आधीपासून ते तिथे होतं. आता फक्त ते वाचायचं राहिलंय.

वाचायला वेळ का लागतो? स्तनाचा तुकडा फॉर्मालिनमध्ये कमीत कमी ६ तास राहावा लागतो आणि ७२ तासांच्या वर राहू नये. स्तनात चरबी जास्त, त्यामुळे तो मुरायला वेळ घेतो. इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. मग तो मशीनमध्ये जातो आणि मशीन बहुतेक रात्रभर चालतं. आधी अल्कोहोलच्या वाढत्या टप्प्यांतून पाणी काढायचं, मग झायलीनने अल्कोहोल काढायचं, मग ६० अंशांच्या आसपास वितळलेलं पॅराफिन मेण आत भरायचं. सकाळी त्याचा मेणाचा ठोकळा होतो, आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो. तो मायक्रोटोमवर कापायचा, साधारण ४ मायक्रॉनचा काप. डोक्याचा एक केस घ्या आणि त्याच्या जाडीचे पंधरा-वीस भाग करा, तेवढा पातळ. मे महिन्यात आपल्याकडे मेण मऊ पडतं, म्हणून कापायच्या आधी ब्लॉक बर्फावर उपडे ठेवायचे. कापांची पट्टी कोमट पाण्यावर सोडली की तिच्या सुरकुत्या जातात. ते पाणी असतं ४५ अंशांच्या आसपास, आणि खिडकीबाहेर नागपूरचं ऊनही तेवढंच. श्वास जोरात सोडला तरी पट्टी उडते. कूलर बंद करून, घाम पुसत, एकेक काप ब्रशच्या टोकाने काचेवर घ्यायचा. मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग, निळा-जांभळा आणि गुलाबी. मग पॅथॉलॉजिस्टचं टेबल.

प्रत्येक पायरीला नंबर जुळवायचा असतो. डबीवरचा, ब्लॉकवरचा, काचेवरचा, कागदावरचा. एक आकडा चुकला तर एकीचं उत्तर दुसरीच्या हातात जातं. उशिरातला काही भाग या हळू चालणाऱ्या हातांचा असतो, आणि तो तसाच राहावा असं मला आजही वाटतं.

आता ‘दोन टेस्ट लावल्यात’चं. त्या मुलीने सांगितलं नाही, पण अशा वेळी बहुतेकदा ती आय.एच.सी. असते, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. त्याच ब्लॉकचे नवे काप घेऊन पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून बघतात, ती असली की तपकिरी दिसतात. ही टेस्ट दोन वेगवेगळ्या कारणांनी लावतात. एक म्हणजे साध्या रंगात पुरेसं स्पष्ट दिसत नसेल तर. दुधाच्या नळ्यांभोवती पेशींचा एक बाहेरचा थर असतो, तो शाबूत आहे का, हे बघायचं असतं. दुसरं कारण म्हणजे कॅन्सर दिसलेला आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल ते ठरवायचं आहे. त्यासाठी ई.आर., पी.आर. आणि हर-टू ही तीन प्रथिनं बघतात. कधी आय.एच.सी. नसतेच, नुसते ब्लॉकच्या आतले आणखी खोल काप मागितलेले असतात. कधी एका पॅथॉलॉजिस्टला दुसऱ्याचं मत घ्यावंसं वाटतं.

तुमच्या बाबतीत यातलं कोणतं, ते त्या एका वाक्यावरून मला सांगता येत नाही. जाऊबाईंनाही येत नाही आणि रात्री तीनच्या गूगललाही नाही. ‘टेस्ट वाढवल्या म्हणजे नक्की तेच’ हे चुकीचं आहे. ‘काही नसेल गं’ असं म्हणून मी पुढे जाणं हेही चुकीचं होईल. तुम्ही शिक्षिका आहात, गुळमुळीत उत्तर तुम्हाला लगेच कळतं.

‘बायरॅड्स ४’चंही तसंच. त्याचा अर्थ ‘संशयास्पद, तुकडा तपासा’ एवढाच आहे. या एका आकड्याखाली कॅन्सर निघायची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत असू शकते. रिपोर्ट काढून बघा, ४ च्या पुढे ए, बी किंवा सी आहे का. ए असेल तर २ ते १०, बी असेल तर १० ते ५०, सी असेल तर ५० ते ९५. काही रेडिओलॉजिस्ट नुसतं ४ लिहितात. एवढ्या लांब पट्ट्यात तुम्ही नेमक्या कुठे आहात ते डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणूनच सुई घातली.

तुमच्या रागाबद्दल बोलते. तो राग बरोबर आहे आणि तो जाऊबाईंवर कमी, त्या ‘थांबा’वर जास्त आहे. चार-पाच दिवस सांगून नववा दिवस उजाडतो, टेस्टचं नाव कुणी सांगत नाही, पुढची तारीख कुणी देत नाही. माणूस थांबू शकतो ताई, पण कधीपर्यंत थांबायचं ते कळलं तर. पाच दिवसांचा उपास माणूस करतो. कधी सुटणार हे माहीत नसलेला उपास ही उपासमार असते.

हे मला माझ्याच घरात कळलं. २००९ मध्ये माझ्या मिस्टरांच्या मानेत गाठी आल्या. ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात झालं, म्हणून तुकडाही तिथल्याच लॅबला गेला. पुढे कळलं की रिपोर्ट गुरुवारी तयार होता, सहीसुद्धा झालेली होती. आम्हाला तो सोमवारी मिळाला. मधले चार दिवस तो एका ड्रॉवरमध्ये पडून होता. ‘नातेवाईक आले की देऊ’ म्हणून ते थांबले आणि ‘ते फोन करतील’ म्हणून आम्ही थांबलो. त्या रविवारी मी टेकडी गणपतीला गेले, पायऱ्यांवर बसून राहिले आणि देवाला काय मागायचं तेसुद्धा मला सुचलं नाही. मी रोज स्वतःच्या लॅबच्या खिडकीतून लोकांना ‘परवा या’ म्हणत होते. परवा म्हणजे त्यांच्या दोन रात्री, हे तोवर मी मनावर घेतलं नव्हतं. मिस्टरांना क्षयाची गाठ निघाली, सहा महिन्यांच्या औषधांनी बरे झाले. पण त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कुणालाही तारीख सांगितल्याशिवाय खिडकीतून परत पाठवलं नाही.

म्हणून उद्या सकाळी ११ च्या सुमारास लॅबला एक फोन करा. ११ यासाठी, की तोवर आदल्या दिवशीच्या स्लाइड बघून झालेल्या असतात आणि माणसं जागेवर असतात. ‘रिपोर्ट आला का’ असं विचारू नका, त्याला ‘नाही’ हे एका शब्दाचं उत्तर आहे. नंबर सांगून असं विचारा : ‘माझ्या केसला कोणती टेस्ट वाढवली आहे? ती इथेच होते की बाहेर पाठवली? तिचा रिपोर्ट कोणत्या तारखेला अपेक्षित आहे?’ काउंटरवरच्या मुलीला माहीत नसेल तर तिच्यावर चिडू नका, खरंच माहीत नसतं. ‘टेक्निशियनला किंवा डॉक्टरांना विचारून सांगता का, मी होल्ड करते’ असं म्हणा. आय.एच.सी. तिथेच होत असेल तर साधारण दोन-चार दिवस धरा, मुंबईला किंवा आणखी कुठे पाठवली असेल तर जास्त. हर-टूचं उत्तर मधलंच, धड हो नाही आणि धड नाही नाही असं, आलं तर त्यासाठी फिश नावाची आणखी एक टेस्ट लागते आणि तिला पुन्हा काही दिवस. हे आधी माहीत असलं की त्या दिवशी पायाखालची जमीन सरकत नाही.

तारीख मिळाली की लगेच दुसरा फोन, तुमच्या सर्जनकडे. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट तेव्हाच घ्या आणि सांगून ठेवा की रिपोर्ट मला समोर बसून ऐकायचा आहे. आणि लॅबला तुमच्या नंबरऐवजी मिस्टरांचा नंबर द्या.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. आजकाल रिपोर्टची पीडीएफ रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि माणूस एकटा, अंधारात, मोबाइलच्या उजेडात ती वाचतो. तो रिपोर्ट तुमच्यासाठी लिहिलेला नसतो, एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो. आमच्या लॅबमध्ये एक कॉलेजची मुलगी हातात रिपोर्ट धरून थरथरत आली होती. त्यावर लिहिलं होतं ‘फायब्रोअ‍ॅडिनोमा’. शेवटी ‘ओमा’ आहे म्हणजे संपलं, असं तिला वाटलं. ती साधी गाठ असते, तरुण मुलींत सर्रास आढळणारी. अर्धा तास ती पोर मेल्याहून मेली होती. म्हणून अ‍ॅप तुमच्या फोनवरून काढून टाका. मिस्टर दिवसातून दोनदा बघतील, सकाळी आणि संध्याकाळी. त्यांनाही काहीतरी काम हवंय. ‘डोक्यात आणू नको’ म्हणणारा माणूस बहुतेकदा स्वतःच्या डोक्यातलं दाबून बसलेला असतो.

तुम्ही अ‍ॅप चाळीसदा का उघडता, त्याचं मला पटलेलं एक उत्तर आहे. २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. कॉम्प्युटरवर दगड दाखवायचे आणि खाली साप आहे की नाही ते ओळखायला सांगायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. सगळ्यात जास्त ताण कुणाला आला? झटका बसणारच, हे पक्कं माहीत होतं तेव्हा लोक त्यामानाने शांत होते. साप असेल-नसेल, निम्मं-निम्मं होतं तेव्हा ताण सगळ्यात वर गेला. तुम्ही दर वेळी अ‍ॅप उघडता तेव्हा एक दगड उचलता. दिवसातून चाळीस दगड, आणि खाली अजून काहीच ठेवलेलं नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचा रिपोर्ट वाईट आला होता. हे मी मुद्दाम सांगते, मिस्टरांचं सांगितलं आणि हे लपवलं असं नको. अकरा दिवस ती दोन घास खाऊन ताट सारत होती. रिपोर्ट आला त्या रात्री ती वरणभात जेवली आणि झोपली. जागे होतो ते आम्ही. सकाळी उठून तिने विचारलं, ऑपरेशनची तारीख कधीची म्हणाले? आज ती आहे, दर उन्हाळ्यात मला पापड पाठवते. वाईट बातमी सोपी असते असं मी म्हणत नाही. पण तिच्यापुढे निदान पाय ठेवायला एक पायरी असते. तुमच्यापुढे सध्या तीही नाही, म्हणून तुमचे हे दिवस सगळ्यात जड आहेत, आणि तुम्ही कमकुवत म्हणून ते जड नाहीत.

‘पॉझिटिव्ह विचार कर’ यानेही फारसं काही होत नाही. कॅलिफोर्नियात वकिलीची परीक्षा देणाऱ्यांना निकालासाठी चार महिने थांबावं लागतं. केट स्वीनी नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्या मुलांचा अभ्यास केला. कुणी काळजी दाबली, कुणी चांगल्याची आशा धरली, कुणी वाईटाची तयारी केली, पण त्रास फारसा कुणाचाच कमी झाला नाही. तेव्हा मिस्टरांना सांगा, मी पॉझिटिव्ह विचार करणार नाही, मला रोज अर्धा तास तुमच्याशी वाईटच बोलायचंय. ऊन उतरल्यावर गच्चीवर जा. जे जे मनात येतं ते सगळं बोला. त्यांनी उत्तर द्यायचं नाही, नुसतं ऐकायचं. आपण नागपूरकर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उतरून ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडतो. मारबत म्हणजे पिडेचा पुतळा, आणि काळी मारबत १८८१ पासून निघते आहे. पिडेचं नाव घेतलं की ती घरात शिरते असं आपल्या पणजोबांना वाटलं नव्हतं, मग तुम्हाला का वाटावं?

त्याच स्वीनीबाईंना पुढे असं दिसलं की ज्या कामात माणूस पार बुडून जातो त्याने मात्र थांबण्याचा काळ जरा सुसह्य होतो. टीव्हीने ते होत नाही, टीव्ही चालू असतो आणि मन लॅबमध्येच असतं. हाताला नेमकेपणा लागेल असं काम हवं. सासूबाईंना सरगुंडे येतात का? मे महिना आहे, विचारा. काडीवर पीठ गुंडाळत जायचं, तार तुटू द्यायची नाही, जाड-बारीक होऊ द्यायची नाही. दोन तास कसे जातात कळत नाही, आणि रसासोबत खायला वर्षभराचे सरगुंडे होतात. सरगुंडे नको असतील तर शिवण, रांगोळी, पेटी, जे तुम्हाला येतं आणि जरासं अवघड जातं ते करा. शाळा असती तर नववीचा वर्गच हे काम करून गेला असता.

रात्री तीनचं वेगळं आहे. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपा, उशाशी नको. जाग आली तर पलंगावर तळमळत पडू नका, उठून पाणी प्या, खुर्चीत बसा, मनात येतं ते कागदावर लिहा. सकाळी त्यातले डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वेगळे काढा. छातीत धडधड, हातपाय गार पडणं, सलग चार-पाच रात्री झोप नाही, असं होत असेल तर फॅमिली डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, रात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. तिथे फोन करण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणि गाठ दिवसातून किती वेळा चाचपता? पत्रात नाही लिहिलंत, पण मी विचारते. बायोप्सीनंतर आत थोडं रक्त साकळतं, जागा निळी-हिरवी दिसते, कडक लागते, गाठ मोठी झाल्यासारखी वाटते. ती नऊ दिवसांत वाढलेली नसते. ताप आला, लाली पसरत गेली, पू दिसला तर लगेच दाखवा. लेप, मालिश, कुणी सांगितलेला काढा, काही नको. आणि या आठ-दहा दिवसांच्या उशिराने उपचार हातातून निसटत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आता लेक. सांगा. तिला कळत नाही असं तुम्हाला वाटतं, पण आई दूध उतू गेल्यावर एवढं ओरडत नाही हे तिला सतरा वर्षांपासून माहीत आहे. काल ती खोलीत रडली ती दुधासाठी नाही. घरात काहीतरी आहे, कुणी सांगत नाही, म्हणजे आपल्याच काही चुकीमुळे असेल, इथवर पोरं स्वतःच पोचतात. आणि या घरात सध्या वाट बघण्याबद्दल तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत असेल तर ते तिलाच. तीही निकालाच्या तारखेची वाट बघतेय, तिचाही पेपर केव्हाच लिहून झालाय आणि आता मनात काय आणलं त्याने मार्क बदलणार नाहीत.

फार मोठं भाषण नको. तिच्यासोबत भाजी निवडत बसा आणि म्हणा, ‘माझ्या छातीत एक गाठ आहे. तिचा तुकडा तपासायला दिलाय. काय आहे ते अजून कळलेलं नाही. मला भीती वाटते, म्हणून काल तुझ्यावर ओरडले, तुझी काही चूक नव्हती. उत्तर आलं की जे असेल ते तुला मीच सांगेन.’ शेवटचं वाक्य पाळायचं. ती विचारेल, कॅन्सर आहे का? तेव्हा ‘छे छे’ म्हणू नका. ‘असू शकतो, नसूही शकतो, अजून माहीत नाही’ असं म्हणा. ती रडली तर रडू द्या, तुम्हाला रडू आलं तर तुम्हीही रडा.

सासूबाईंचं तुम्ही ठरवा, त्यांचा स्वभाव मला माहीत नाही. पण एका घरात, एका स्वयंपाकघरात राहून त्यांना ताटातलं उरलेलं दिसत असणारच.

एक तयारी करून ठेवा. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह विचारांशी तिचा संबंध नाही. सगळे कागद एका फाइलीत लावा, मॅमोग्राफीच्या फिल्म, सोनोग्राफी, बायोप्सीची पावती. आधार आणि रेशन कार्ड त्यातच ठेवा. गरज पडलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी तेच आधी मागतात. उपचारासाठी नागपूर सोडावंच लागेल असंही नाही. मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानला एम्स आहे. आणि रिपोर्ट काहीही आला आणि मनात शंका राहिली, तर तुमच्या स्लाइड आणि ब्लॉक मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. लॅबमध्ये अर्ज द्या, सही करा, घ्या. फक्त ब्लॉक उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण आहे.

साधी गाठ निघाली तर पुढची तपासणी किती महिन्यांनी, हे विचारल्याशिवाय उठू नका. आनंदात ते विचारायचं राहून जातं.

उद्या ११ वाजता तो फोन करा आणि काय तारीख मिळाली ते मला कळवा. मिळाली नाही तरी कळवा. आणि लेकीचा निकाल लागला की तोही.